सुतारशाळेतील यंत्रांची पारख

चिक्कडपल्लीच्या बाजारातून नारायणगुड्याकडे अथवा उलट दिशेने मुशीराबादकडे चालत निघालेल्या माणसाच्या कानांवर वाहनांच्या गोंगाटातूनही पुष्कळदा एक आवाज येतो. आरंभी तो संथपणे घुमत असतो. मग एकाएकी वर चढतो, कर्कश होतो आणि क्षणभराने पुन्हा खाली उतरतो. कोणत्या तरी मलगीत गोल करवत चालू असते आणि तिला लाकूड लागलेले असते. हैदराबादेत दुकानाच्या गाळ्यास मलगी म्हणण्याचा प्रघात आहे. 7 फेब्रुवारी 2020 रोजी या भागातून मेट्रो रेल्वे धावू लागली आणि चिक्कडपल्ली हे तिचे एक स्थानक झाले. परंतु खालच्या गल्लीतील सुताराचे काम काही थांबले नाही. दारे, चौकटी, देव्हारे, कपाटे, शाळेचे बाक ही माणसाची गरज आहे, आणि ती भागविणारा हात पूर्वी करवतीवर असे, तो आता विजेच्या बटणावर आला आहे.

या शहराचे आणि महाराष्ट्राचे लाकडाचे नाते जुने आहे. आदिलाबादची आणि चंद्रपूरची वने एकमेकांना लागून आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेले राज्य विभागले गेले आणि मराठवाडा निराळा झाला. पण सागवान सरहद्द ओळखत नाही. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाच्या आगारातून सागवान गेले आणि त्या मंदिराची दारे घडविण्याचे काम हैदराबादच्या एका कारखान्याकडे आले. झाड एका प्रांताचे, हात दुसऱ्या प्रांताचे, असा हा व्यवहार आहे. या व्यवहारात मराठी माणूस लाकूड विकणारा म्हणून, घेणारा म्हणून आणि घडविणारा म्हणूनही आढळतो.

उदाहरणादाखल अशा एका मलगीची कल्पना करावी. लांबी वीस फूट, रुंदी पंधरा फूट. नांदेडकडून पूर्वी येऊन स्थायिक झालेला एक वृद्ध सुतार आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून सुतारकामाचा अभ्यासक्रम पुरा केलेला त्याचा पुतण्या, असे दोघे तेथे काम करतात. घरातील थोडी शिल्लक आणि थोडे कर्ज यांच्या जोरावर यंत्रे घ्यावयाची असे ठरले आहे. पुतण्या म्हणतो, ‘‘काका, राणीगंजला एकाच यंत्रात रंधा, करवत आणि भोके पाडण्याची सोय असलेले यंत्र मिळते. तेच घेऊन टाकू.’’ काका म्हणतात, ‘‘घेऊ बाबा, पण आधी एक दार करावयास काय काय लागते ते मला सांग. मग दुकानदाराकडे जाऊ.’’ काकांच्या या एका वाक्यात यंत्राच्या निवडीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. पणास लागलेली गोष्ट केवळ पैसा ही नाही. एका कुटुंबाची शिल्लक आणि दोन माणसांची वीस बोटे, असा हा एकूण हिशेब आहे.

प्रथम हातयंत्र आणि स्थिर यंत्र यांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. हातात धरावयाच्या विजेच्या करवतीने लाकूड कापताना लाकूड जागच्या जागी राहते आणि हत्यार त्याच्याकडे जाते. जमिनीवर पक्क्या बसविलेल्या यंत्रात याच्या उलट घडते. तेथे पाते आपल्या जागी फिरत असते आणि लाकूड त्याच्याकडे सरकवावे लागते. या एका भेदातून स्थिर यंत्राचा गुणही उत्पन्न होतो आणि धोकाही. बिडाचे सपाट टेबल आणि त्यावरील सरळ मार्गपट्टी यांच्या आधाराने सरकणारे लाकूड माणसाच्या हाताच्या कंपापासून मुक्त होते. म्हणून शंभर फळ्या कापल्या तरी शंभरावी पहिलीसारखीच उतरते. परंतु लाकूड पात्याकडे नेणारा हातही प्रत्येक वेळी पात्याकडेच जात असतो. गुण आणि धोका यांचा उगम एकच असल्यामुळे गुण घ्यावयाचा आणि धोका टाळावयाचा, तर यंत्राचे अंतरंग समजून घेण्यास पर्याय नाही.

ही यंत्रे आजकालची नव्हेत. इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर याने 1777 साली घेतलेल्या एकस्वात गोल करवतीचा उल्लेख आहे. सॅम्युएल बेंथॅम याने 1791 आणि 1793 या साली लाकूड रंधण्याच्या आणि इतर सुतारी यंत्रांची एकस्वे घेतली. विल्यम न्यूबेरी याने 1808 साली पट्टा करवतीची कल्पना नोंदविली. परंतु पात्याची टोके जोडली की ती जोड लवकर तुटे. पॅरिसच्या आन पोलिन क्रेपँ या स्त्रीने 1846 साली ती टोके जोडण्याच्या रीतीचे एकस्व घेतले आणि त्यानंतर पट्टा करवत खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. विजेची मोटर पुढे आली आणि वाफेच्या एंजिनाचे लांबलचक पट्टे गेले. आज चिक्कडपल्लीच्या मलगीत फिरते ती मोटर नवी असली, तरी लाकूड आणि पाते यांचा झगडा तोच जुना आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळावे. दार करावयास काय लागते? आगारातून आणलेली फळी डोळ्यांस सरळ दिसते, पण ती क्वचितच सरळ असते. सुकताना लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. त्यामुळे फळी कधी लांबीत धनुष्यासारखी वाकते, कधी रुंदीत पन्हाळीसारखी होते, तर कधी तिला पीळ पडतो. अशा फळीपासून चौकट करावयाची तर कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम एक तोंड अगदी सपाट करावयाचे. मग त्या तोंडाशी काटकोनात एक कड सरळ करावयाची. त्यानंतर दुसरे तोंड पहिल्याशी समांतर करून हवी ती जाडी आणावयाची. शेवटी सरळ केलेल्या कडेच्या आधाराने दुसरी कड कापून रुंदी आणावयाची. मगच लांबी आणि सांधे. हा क्रम हाताच्या रंध्याच्या काळातही हाच होता. यंत्राने क्रम बदलला नाही. केवळ घाम वाचविला.

पहिल्या दोन पायऱ्यांचे काम सपाट रंधायंत्र करते. यात दोन टेबले असतात आणि त्यांच्यामध्ये धारदार पाती बसविलेला लाटण्यासारखा गोल दंड मिनिटास चार ते सहा हजार फेरे घेतो. मागचे टेबल पात्यांच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या बरोबरीला असते. पुढचे टेबल जितके खाली घ्यावे, तितके लाकूड निघते. फळीचा जो भाग रंधला गेला तो मागच्या टेबलावर टेकतो आणि पुढच्या भागाला सरळपणाचा धडा देतो. तिसऱ्या पायरीचे काम जाडीचे यंत्र करते. त्याला सुतार ‘थिकनेसर’ म्हणतात. यात पाती वर असतात आणि रुळांनी ओढली जाणारी फळी त्यांच्या खालून जाते.

नवशिक्यांची मोठी चूक येथेच होते. जाडीच्या यंत्रातून काढली म्हणजे फळी सरळ होईल, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः रुळांच्या दाबाने वाकडी फळी आत जाताना तात्पुरती सरळ होते, पाती तिची जाडी सारखी करतात, आणि बाहेर पडताच दाब सुटून ती पुन्हा पूर्ववत वाकते. निघते ती वाकडीच फळी. फक्त पूर्वीपेक्षा पातळ. जाडीचे यंत्र समांतरता देते, सरळपणा देत नाही. यास्तव ज्याचा धंदा अखंड लाकडाच्या दारा-चौकटींचा आहे, त्याने सपाट रंधायंत्रावाचून जाडीचे यंत्र घेणे म्हणजे पायावाचून भिंत उभारणे होय.

चौथ्या पायरीसाठी गोल करवत येते. सुतारशाळेत सर्वाधिक काम हिच्याकडून होते आणि सर्वाधिक इजाही हिच्याचमुळे संभवते; म्हणून हिची ओळख नीट करून घ्यावी. 12 इंच व्यासाचे पाते मिनिटास 2800 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे 160 किलोमीटर होतो. दचकून हात मागे घेण्यास माणसाला निदान पाव सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात 60 दात्यांच्या पात्याचे 700 दाते एका जागेवरून निघून जातात. ‘‘माझे लक्ष असते, मला काही होत नाही,’’ असे म्हणणाऱ्याने हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा.

गोल करवतीचा दुसरा धोका बोट कापण्याहून निराळा आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. टेबलावर आलेल्या पात्याचे पुढचे दाते खाली जात असतात. ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. परंतु मागचे दाते खालून वर येऊन माणसाच्या दिशेने धावत असतात. कापलेली चीर मिटून लाकूड मागच्या दात्यांना चिकटले, किंवा मार्गपट्टी आणि पाते यांच्यामध्ये तिरपे होऊन अडकले, की ते दाते त्याला उचलून उलट फेकतात. फेकलेला तुकडा पोटात बसतो, आणि त्याच्या झटक्याबरोबर हातही पात्यावर ओढला जाण्याचा संभव असतो. चीर मिटते ती लाकडाच्या अंगी असलेल्या ताणामुळे. सुताराच्या कौशल्याने तो ताण नाहीसा होत नाही. त्यावर उपाय म्हणजे पात्याच्या पाठीमागे, दात्यांपासून 3 ते 8 मिलिमीटर अंतरावर, बसविलेली पोलादी पाचर. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड आणि चिरेपेक्षा किंचित पातळ असावी लागते. ती चीर उघडी ठेवते. ही लहानशी पाचर आणि पात्यावरील आवरण ज्या यंत्राबरोबर मिळत नाही, ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी महागच समजावे.

पाते निवडताना कामाकडे पाहावे. तंतूंच्या दिशेने उभे चिरण्यास 24 च्या आसपास मोठे दाते असलेले पाते चांगले. त्यात भुशाला जागा मिळते. आडवे कापण्यास किंवा प्लायवुडला 60 ते 80 बारीक दाते हवेत, म्हणजे कडेचे तंतू फाटत नाहीत. सागाच्या अंगी वाळूचा सूक्ष्म अंश असतो आणि प्लायवुडमध्ये सरस असतो. दोहोंमुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. म्हणून कार्बाइडच्या दात्यांचे पाते महाग असूनही परवडते. बोथट पाते अधिक सुरक्षित असते हा भ्रम आहे. बोथट पात्याला लाकूड जोराने रेटावे लागते, आणि जोराने रेटलेला हात घसरला तर तो पात्याकडेच घसरतो.

आता पट्टा करवत. दोन चाकांवरून फिरणारा पोलादी पट्टा लाकडातून सतत खालीच जातो. त्यामुळे लाकूड माणसाकडे उलट फेकले जाण्याचे भय यात जवळजवळ नाही. वळणदार काम हिच्याशिवाय होत नाही. 6 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याने सुमारे 16 मिलिमीटर त्रिज्येचे वळण कापता येते; 12 मिलिमीटरच्या पट्ट्याला सुमारे 65 मिलिमीटर लागतात. परंतु तिचा खरा लाभ सागाच्या भावात आहे. 150 मिलिमीटर जाडीच्या सागाच्या तुळईतून 25 मिलिमीटरच्या 5 फळ्या काढावयाच्या आहेत असे धरावे. गोल करवतीची चीर 3.2 मिलिमीटरची, पाच चिरांत 16 मिलिमीटर लाकूड भुसा होते आणि हाती 9 मिलिमीटरची पट्टी उरते. शिवाय तिचे पाते इतक्या खोलीपर्यंत एका वेळी पोचतही नाही. पट्टा करवतीची चीर 1.2 मिलिमीटरची असेल, तर भुसा होतो 6 मिलिमीटरचा आणि उरते 19 मिलिमीटरची धडधाकट फळी. कपाटाचा एक खण तिच्यातून होतो. मात्र ही करवत शांत असल्यामुळे माणूस बेसावध होतो. वरचा आधार लाकडापासून अर्ध्या बोटाहून अधिक उंच ठेवू नये. जितका पट्टा उघडा, तितका धोका मोठा आणि कापही वाकडा.

तर मग प्रथम काय घ्यावे? याचे उत्तर धंद्यावर अवलंबून आहे. ज्याच्याकडे दारे, चौकटी, देव्हारे असे अखंड लाकडाचे काम येते, त्याने सपाट रंधायंत्र आणि गोल करवत यांना अग्रमान द्यावा, नंतर जाडीचे यंत्र, मग पट्टा करवत. ज्याचे काम मुख्यतः प्लायवुडच्या कपाटांचे आहे, त्याला रंधायंत्राची गरज अल्पच. त्याने सरकत्या टेबलाची मोठी करवत घेण्याचा विचार करावा. प्लायवुडचा तक्ता 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद असतो. तो लहान टेबलावर तोलताना एकट्या माणसाची तारांबळ उडते आणि तारांबळ हीच अपघाताची आई होय.

पुतण्याने सांगितलेले जोडयंत्र वाईट असते असे नव्हे. लहान जागेत एका मोटरवर तीन कामे होतात, हा लाभ उघड आहे. पण एका दंडावर रंधा आणि करवत असली, म्हणजे एकाचे काम चालू असताना दुसरेही फिरत राहते. रंधणाऱ्या माणसाच्या बाजूला करवतीचे पाते उगाच गरगरत असते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, ही दुसरी अडचण. जोडयंत्र घ्यावयाचेच असेल, तर न वापरलेले पाते काढून ठेवता येते की नाही अथवा पूर्ण झाकता येते की नाही, हे प्रथम पाहावे.

जागेचा हिशेब यंत्राच्या आकारावर करून चालत नाही. तो लाकडाच्या लांबीवर करावा लागतो. सात फुटांची फळी रंधावयाची तर यंत्राच्या पुढे सात आणि मागे सात फूट मोकळे हवेत. वीस फुटांच्या मलगीत यंत्र भिंतीशी आडवे लावले तर ते निरुपयोगी ठरेल. लांबीच्या दिशेने मध्यावर ठेवले तर दाराची फळी रस्त्याकडे थोडी डोकावेल, पण काम होईल. विजेचाही विचार आधी करावा. 3 अश्वशक्तीची मोटर एक-फेज जोडणीवर सुमारे 15 अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट मागते. त्यामुळे घरगुती जोडणीवर दिवे मिणमिणतात आणि तारा तापतात. तीन-फेज जोडणीवर तीच मोटर प्रत्येक तारेतून जेमतेम 5 अँपिअर घेते. भूसंपर्क पक्का असावा. शिवाय वीज जाऊन परत आली असता यंत्र आपोआप सुरू होणार नाही, असे बटण असावे. वीज गेली म्हणून पात्याजवळचा भुसा हाताने झाडणाऱ्या माणसाला या बटणाचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. गंज निघतो, पट्टा बदलता येतो, आवाज करणारे बेअरिंग बदलता येते. परंतु तडा गेलेले बीड आणि वाकलेला दंड यांना औषध नाही. पाहणीस जाताना एक सरळ पोलादी पट्टी, गुण्या आणि कागदाची घडी एवढे जवळ असले तरी पुरे. पट्टी टेबलावर उभी ठेवावी आणि खालून उजेड दिसतो का पाहावे. कागदाची घडी आत शिरली तर टेबल वाकडे. वीज तोडून पाते हाताने फिरवावे आणि ते डुलते का पाहावे. दंड हलवून पाहावा. मार्गपट्टी पुढे आणि मागे पात्यापासून सारख्याच अंतरावर घट्ट बसते का, ते मोजावे. रंगरंगोटीकडे पाहून यंत्र घेऊ नये; रंग हा ब्रशाचा गुण, यंत्राचा नव्हे.

यंत्र आले की वापराचे नियम येतात. ते थोडे आहेत, पण एकही गाळण्यासारखा नाही. पाते लाकडापेक्षा जेमतेम एका दात्याएवढे वर ठेवावे. अरुंद पट्टी चिरताना बोटांनी ढकलू नये. खाच पाडलेली ढकलकाठी वापरावी. ती शिल्लक तुकड्यातून पाच मिनिटांत होते. पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता किंचित बाजूला राहावे. मार्गपट्टीच्या आधाराशिवाय केवळ हाताने लाकूड चिरू नये. एक फुटाहून आखूड तुकडा रंधायंत्रावर घालू नये. त्याच्यासाठी हाताचा रंधा अजून शिल्लक आहे. लोंबते उपरणे, सैल बाही, गळ्यातील साखळी, हातातील कडे ही यंत्राजवळ नकोत. हातमोजेही नकोत, पाते प्रथम मोजा पकडते आणि मोज्याबरोबर हात ओढते. पाते बदलताना केवळ बटण बंद करून भागत नाही; वीजपुरवठाच तोडावा. आणि यंत्र चालविणाऱ्याला मागून हाक मारू नये. चहा आला तरी पाते थांबेपर्यंत तो थांबू शकतो.

1999 साली स्टीफन गॅस या अमेरिकन शोधकाने एक नवी युक्ती काढली आणि 2004 पासून तशी यंत्रे विक्रीस आली. पात्याला बोटाचा स्पर्श होताच शरीरातील विद्युत्वाहकतेमुळे यंत्राला त्याची जाणीव होते आणि सुमारे 5 सहस्रांश सेकंदात पाते थांबते. अशी यंत्रे महाग आहेत आणि लहान मलगीच्या आवाक्यातील नव्हेत. परंतु पाचर, आवरण आणि ढकलकाठी ही तिन्ही आवाक्यातील आहेत. अडचण किमतीची नसते. ‘‘काढून ठेवले, काम भराभर होत नव्हते,’’ या वृत्तीची असते.

बोटांची इजा लगेच दिसते. भुशाची इजा अनेक वर्षांनी दिसते. 1995 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. डोळ्यांना दिसणारा भुसा जमिनीवर पडतो. खरा त्रास देणारी धूळ न दिसता हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. म्हणून झाडू मारण्यापेक्षा यंत्राच्या तोंडाशीच नळी लावून धूळ ओढून घेणे हिताचे. ते जमेपर्यंत चांगला मुखपट्टा वापरावा, भुसा रोजच्या रोज पोत्यात भरावा आणि त्याच्याजवळ विडी-काडी पेटवू देऊ नये. रंधायंत्राचा आणि करवतीचा आवाज 85 डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. रोज आठ तास तो ऐकणाऱ्याचे कान हळूहळू मंदावतात. कानाला बोळे लावणे यात लाज नाही. आणि आपल्या कानांप्रमाणे शेजाऱ्यांचेही कान आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली असून रात्र म्हणजे दहा ते सहा असे ठरविले आहे. चिक्कडपल्लीसारख्या दाट वस्तीत मलगीच्या माथ्यावर कुणाचे तरी घर असते आणि त्या घरात परीक्षेला बसणारे मूल असते, हे सुताराने विसरू नये.

1948 च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालण्याचे बंधन घातले. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेत दहा किंवा अधिक कामगार असले तरच ती जागा कारखाना ठरे. काका-पुतण्याची मलगी त्या व्याख्येत केव्हाच बसली नाही. अशा ठिकाणी निरीक्षक येत नाही, तक्ता लावला जात नाही, कोणी विचारीत नाही. येथे कायद्याचे काम घरच्या वडीलधाऱ्या माणसाला करावे लागते.

आणि म्हणूनच काकांचा प्रश्न पुन्हा आठवतो. त्यांनी पुतण्याला यंत्रापासून परावृत्त केले नाही. हाताच्या करवतीने दिवसभर सागवान चिरून ज्याचे खांदे दुखले आहेत, तो यंत्राचा द्वेष करीत नाही. त्यांनी फक्त क्रम सांगितला: आधी काम, मग जागा, मग वीज, मग यंत्र, आणि सर्वांच्या आधी बोटे. या क्रमाने विचार केला असता त्या मलगीत पहिल्या वर्षी कदाचित दोनच यंत्रे येतील. सपाट रंधायंत्र लांबीच्या दिशेने मध्यावर, गोल करवत आपल्या पाचरीसह आणि आवरणासह बाजूला, भिंतीवर खिळ्याला अडकवलेली ढकलकाठी. जाडीचे काम काही दिवस दुसऱ्याच्या यंत्रावर पैसे देऊन करून घ्यावे लागेल. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. उरलेले कर्ज न काढल्यामुळे घरात झोप शांत लागेल.

यंत्र हा न थकणारा नोकर आहे, पण त्याला कान नाहीत आणि दयाही नाही. सागाचे लाकूड आणि माणसाचा हात यांतील भेद त्याला कळत नाही. तो भेद आवरणाने, पाचरीने आणि शिस्तीने त्याला कळवावा लागतो. संध्याकाळी बटण बंद झाले, पाते थांबले आणि मलगीचे दार ओढले गेले, की काका पुतण्याचे हात आपल्या हातात घेऊन भुसा झटकतात. सहजच केल्यासारखे ते असते. पण त्या झटकण्यात त्यांची नजर बोटे मोजीत असते. दहा भरली, म्हणजे त्या दिवसाचे काम चांगले झाले.